मध्यमा पूर्ण, गाणं अपूर्ण!

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या मागच्या घरातून पेटीचे सूर यायचे. आधी लांब ‘सा’, मग अलंकार, मग एखादा राग. मी कुकर लावत असायची. तिसरी शिट्टी आणि तिचा भूप यांची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी सूर आले नाहीत तर ‘बरं नाही की काय पोरीला?’ असं वाटायचं.

यंदा जून उजाडला आणि पेटी गप्प झाली. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. शेवटी भाजीच्या गाडीपाशी तिची आई भेटली तेव्हा विचारलंच.

‘‘काय हो वहिनी, गाणं बंद का लेकीचं?’’

‘‘अहो ताई, दहावी आहे ना आता! आणि तिच्या पाच परीक्षा झाल्यात की. मध्यमा पूर्ण झाली. दहावीला त्याचे मार्क मिळतील. आता बास. एक वर्ष मन लावून अभ्यास करू दे. गाणं काय, नंतर आहेच.’’

मी ‘हो ना’ म्हणून कोथिंबीर घेऊन घरी आले. पण ते ‘नंतर आहेच’ डोक्यातून जाईना. कारण मैत्रिणींनो, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्याच आईच्या तोंडून. माझी प्रवेशिका पूर्ण झाली होती आणि त्यानंतरचं ‘नंतर’ अजून यायचं आहे!

सात पायऱ्यांचा जिना

ज्यांच्या घरात या परीक्षा नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे गावोगावी होतात. गायन, वादन, नृत्य तिन्हींच्या. पहिली पायरी प्रारंभिक. मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण. त्याच्याही पुढे अलंकार. सुरुवातीच्या परीक्षांत फक्त गाऊन दाखवायचं आणि तोंडी उत्तरं द्यायची. पुढे लेखी पेपरही येतात.

आता हिशेब करा. मूल पाचवीत प्रारंभिकला बसलं आणि दरवर्षी एक परीक्षा दिली, तर नववीपर्यंत बरोबर पाच होतात. मध्यमा पूर्ण. विशारदसाठी फक्त दोन पायऱ्या उरलेल्या असतात. आणि नेमक्या त्याच जागी दहावी येऊन उभी राहते. जिना चढता चढता पाचव्या पायरीवर मूल उतरून जातं.

मागच्या घरातल्या पोरीच्या बाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, दर जूनमध्ये माझा वर्ग अर्धा होतो. दहावीच्या मुली जाताना पाया पडतात, ‘बाई, परीक्षा झाली की येते’ म्हणतात. एप्रिलमध्ये सुट्टी लागते, मग अकरावीचे क्लास, मग बारावी. परत आलेल्या मुली मोजायला माझ्या एका हाताची बोटंही जास्त होतात.’’

त्या हसत होत्या खऱ्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

गाणं नेहमी कशासाठी तरी

मला वाटतं, यात त्या वहिनींची चूक नाही. आपल्या घरात मुलीचं गाणं नेहमीच ‘कशासाठी तरी’ असतं. आमच्या वेळी ते लग्नासाठी होतं. कांदेपोहे खाऊन झाले की मुलाकडचे काका विचारायचे, ‘गाता येतं का?’ मग एखादं भावगीत म्हणायचं. शिवण-टिपण, विणकाम आणि गाणं असा तो ‘सर्वगुणसंपन्न’चा संच असायचा. लग्न ठरलं की त्या गाण्याचं काम संपलं!

त्यानंतर टीव्ही आला. २००८-०९ मध्ये ‘सारेगमप लिट्ल चॅम्प्स’ने घराघरांतल्या पोरांना वेड लावलं. गाण्याच्या क्लासना गर्दी झाली. तेव्हा गाणं स्टेजसाठी होतं. दोन-तीन वर्षांत ‘आमचीला काही ऑडिशनमध्ये घेतलं नाही’ म्हणून अर्धी गर्दी ओसरली.

आणि आता ते मार्कांसाठी आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा ठरावीक संख्येने पास झालेल्या मुलांना आपल्या बोर्डाच्या दहावीत वाढीव गुण मिळतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मिळतात तसेच. सवलत चांगलीच आहे. ज्या मुलीने पाच वर्षं रोज पेटी काढली, तिला त्याचे चार गुण मिळाले तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. उलट त्यामुळे कित्येक बाबांनी क्लासची फी मुकाट्याने भरली!

पण त्याची दुसरी बाजूही बघा. गुण मिळाले की काम झालं, असा हिशेब होतो. एकेक राग मुरण्याआधीच पुढची परीक्षा. ‘बाई, हिला लवकर तीन परीक्षा देता येतील का?’ असं विचारणारे पालक आता भेटतात. म्हणजे लग्नाच्या जागी मार्क आले, बाकी गोष्ट तीच. उद्देश संपला की गाणं संपलं.

हा ‘विषय’ कसा झाला?

गाणं हा शिकायचा विषय आहे, त्याला अभ्यासक्रम असतो, पुस्तक असतं, परीक्षा असते, हे आज आपल्याला साधं वाटतं. सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. गाणं होतं ते राजेरजवाड्यांच्या दरबारात, मंदिरात, नाटकात आणि बैठकीत. शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, त्यांची मर्जी सांभाळायची. आणि ‘चांगल्या घरातल्या’ मुलीने तर नावच काढायचं नाही.

बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. पुढे आपल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर उभे राहिले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोणा राजाच्या आश्रयावर नाही, तर लोकांच्या पाठबळावर. साध्या घरातल्या मुलाला फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, वर्गात बसून गाणं शिकता आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. आपली मुलं परीक्षा देतात ते हेच मंडळ.

दुसरे विष्णु नारायण भातखंडे. शिक्षणाने वकील. देशभर फिरून, उस्तादांच्या पाया पडून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, त्या लिहून काढायची पद्धत बसवली आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग छापले. तुमच्या मुलीच्या वहीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र ‘म’वर उभी रेघ आणि खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब दिसेल, ती भातखंड्यांची देणगी. १९२६ मध्ये लखनौला त्यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय निघालं, तेच आज भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे.

या दोघांमुळे गाणं वर्गात आलं. वर्गात आलं म्हणून मध्यमवर्गीय घरातल्या मुलींपर्यंत पोचलं. त्यासाठी काही स्त्रियांनीही फार सोसलं. मिरजेत १९०५ मध्ये जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर बैठकीत गाणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. बाईने चारचौघांत सन्मानाने बसून गायचं, हे त्यांनी लोकांना बघायला शिकवलं. गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांनी लहानपणीच आई गमावली, पण गाणं सोडलं नाही, आणि आपल्या लेकीला स्वतः तालीम दिली. ती लेक म्हणजे किशोरी आमोणकर. आपल्या मुलीच्या हातात आज जे सर्टिफिकेट आहे, त्याच्या मागे एवढं सगळं उभं आहे.

भूप आणि देशकार

‘पण ताई, गाण्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न उरतोच. त्याचं एक तयार उत्तर असतं : गाणं शिकलं की गणित सुधारतं, स्मरणशक्ती वाढते. क्लासच्या जाहिरातीतही असतं. मला विचाराल तर यावर फार विसंबू नका. २०२० मध्ये ५४ अभ्यास आणि जवळजवळ सात हजार मुलांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा संगीत शिकण्याने इतर अभ्यासात असा काही खास फरक पडल्याचं दिसलं नाही. गणितासाठी गणितच करावं लागतं!

मग काय मिळतं? ते मला मागच्या घरातल्या त्या पोरीनेच सांगितलं.

एकदा दही मागायला आली होती. लेखी पेपरची वही हातात. मी सहज विचारलं, ‘‘काय गं, काय चाललंय?’’ एरवी ही मुलगी म्हणजे ‘हो काकू, नाही काकू’ एवढंच. पण त्या दिवशी ओट्याला टेकून बोलायलाच लागली.

‘‘काकू, भूप आणि देशकार, दोन्हींत पाचच स्वर. सा रे ग प ध. अगदी तेच. म नाही, नी नाही. तरी राग वेगळे!’’

‘‘असं कसं?’’

‘‘भूपात गंधारावर थांबायचं, तो महत्त्वाचा. देशकारात धैवत महत्त्वाचा. भूप संध्याकाळचा वाटतो, देशकार सकाळचा. स्वर बदलत नाहीत काकू, कुठे थांबायचं ते बदलतं.’’

आणि तिने दोन्ही गाऊन दाखवले. दही विसरूनच गेली.

मी नंतर कितीतरी वेळ विचार करत होते. तेच स्वर, पण कशाला महत्त्व द्यायचं त्यावरून सगळं बदलतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कोणत्या धड्यातून कळलं असतं?

तालाचंही तसंच. तीनताल सोळा मात्रांचा, नवव्या मात्रेला खाली. त्यात तिहाई बसवायची म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून शेवटचा ठोका बरोबर समेवर आणायचा. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. झाल्या सतरा. म्हणजे सोळा संपून पुढची सम! चुकलं तर कोणी लाल पेनाने खूण करायला लागत नाही. कानालाच कळतं. मग पुन्हा पहिल्यापासून. चुकल्यावर रडत न बसता पुन्हा समेवरून सुरू करायची ही सवय या वयात किती मोलाची, हे दहावी-बारावीची मुलं घरात असलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

आणि आणखी एक. दिवसभरात या मुलांना कोण ना कोण मागे लागलेलं असतं. लिही, वाच, मोबाइल ठेव. तंबोरा लावून बसल्यावरची वीस मिनिटंच अशी असतात की कोणी काही म्हणत नाही. तिथे ती आणि तिचा ‘सा’. ही जागा आपण नेमकी दहावीच्या वर्षी, जेव्हा तिची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच काढून घेतो.

आवाज फुटला म्हणून...

या वयात गाणं सुटायचं आणखी एक कारण असतं, त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आवाज बदलतो.

मुलांचा तर स्पष्टच कळतो. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधल्या काळात फाटतो, चिरकतो. काल गोड गाणारा मुलगा आज तोंड उघडायला लाजतो. घरातली मंडळी हसतात, तो क्लास सोडतो. खरं तर ही वेळ ओढूनताणून वर गाण्याची नसते, तशी सोडण्याचीही नसते. पट्टी खाली घ्यावी, जेवढ्या स्वरांत आरामात गाता येतं तेवढंच गावं. या काळात तबला किंवा पेटी हाताखाली घ्यायला तर उत्तम. आवाज बसला की गाणं पुन्हा येतं.

मुलींचाही आवाज बदलतो, फक्त तो कमी जाणवतो. थोडा खाली येतो, काही महिने त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते, वरचे स्वर लागत नाहीत. पाचवीत काळी पाचमध्ये सहज गाणारी मुलगी नववीत तिथे ओढून गाते आणि घसा बसवून घेते. ‘हिचा आवाज गेला’ असं म्हणून मोकळं होऊ नका. बाईंना सांगा, काळी चार करून बघा. आवाज गेलेला नसतो, मोठा होत असतो. तिच्यासारखाच.

शाळेतला संगीताचा तास

आता शाळेकडे वळू. आपल्या शाळांत ‘कला’ या विषयात चित्र, संगीत, नाट्य सगळं येतं आणि त्याला श्रेणी असते. कागदावर तास असतो. पण ज्या शाळेत संगीताचे शिक्षकच नाहीत तिथे तो तास गणिताच्या राहिलेल्या भागाला जातो. पेटी कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे. ती बाहेर येते पंधरा ऑगस्टला, गॅदरिंगला आणि पाहुणे आले की स्वागतगीताला. तीच सहा मुलं, तेच ईशस्तवन. बाकीच्या चाळीस मुलांना आपल्याला गाता येतं की नाही हे शाळा सुटेपर्यंत कळत नाही.

खरं तर कागदावर चित्र बदलतंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासाबाहेरचे विषय अशी भिंत नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. सीबीएसईच्या शाळांत हिंदुस्थानी संगीत हा रीतसर विषय म्हणून घेता येतो. गायन वेगळं, स्वरवाद्य वेगळं, तालवाद्य वेगळं. बारावीला त्यात लेखी ३० गुणांचं आणि प्रात्यक्षिक ७० गुणांचं. आपल्या बोर्डाच्या अकरावी-बारावीतही कला शाखेला संगीत घेता येतं. मात्र सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो विषय नसतो, त्यामुळे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी चौकशी हवी.

पुढे शिकायचं तर पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईला विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, एसएनडीटी आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. आणि १० ते १४ वयाच्या गुणी मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची शिष्यवृत्ती आहे, ती १९८२ पासून चालू आहे. लहान गावातल्या पालकांपर्यंत ही माहिती पोचतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

सगळ्यांनी गायिका व्हावं असं मी म्हणत नाही. शंभरातली एखादीच होईल. पण भूगोल शिकणारी सगळी मुलं कुठे भूगोलतज्ज्ञ होतात? तरी आपण भूगोल मध्येच बंद करत नाहीच ना!

दहावीच्या वर्षी काय करता येईल?

गाणं बंद न करताही दहावी होते. अनेक घरांत झाली आहे. बाईंशी बोलून आणि चार आयांना विचारून काही गोष्टी लिहून काढल्या, त्या अशा :

• परीक्षा थांबवा, रियाज नको. दहावीच्या वर्षी विशारदचा अर्ज भरायलाच हवा असं नाही. परीक्षेचं ओझं बाजूला ठेवलं की गाणं विसाव्यासारखं होतं.

• रोज वीस मिनिटं पुरे. पहाटेच पाहिजे असा हट्ट नको. शाळेतून आल्यावर, जेवणाआधी, जेव्हा जमेल तेव्हा. पण रोज.

• आठवड्यात दोनदा जाणारी मुलगी पंधरा दिवसांतून एकदा क्लासला जाऊ दे. बाईंशी नातं तुटता कामा नये. परत यायचा रस्ता तोच असतो.

• तंबोरा विकत घ्यायलाच हवा असं नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असतं, फुकटही मिळतं. फक्त त्या वीस मिनिटांत फोनचे मेसेज बंद ठेवा. मिरजेचा खराखुरा तंबोरा घरात आला तर आनंदच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्यासाठी गाणं अडवून ठेवू नका.

• वाढीव गुणांसाठी शाळेमार्फत प्रस्ताव जातो. कोणत्या परीक्षेला किती गुण आणि शेवटची तारीख कोणती, हे नियम त्या त्या वर्षी शाळेत विचारून घ्या. सर्टिफिकेटच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा. शेवटच्या दिवशी धावपळ नको.

• आणि घरातल्यांनी तेवढा वेळ टीव्हीचा आवाज कमी करा. हा नियम बाबांनाही लागू!

‘नंतर’ म्हणजे कधी?

मागच्या रविवारी वहिनी घरी आल्या होत्या. बोलता बोलता मी म्हटलं, ‘‘वहिनी, तुम्ही पण शिकत होतात ना? लग्नाआधी?’’

त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मध्यमा प्रथम झाली होती माझी. लग्न ठरलं. सासरी म्हणाले, पेटी आणू नकोस, जागा नाही. नंतर घेऊ. हिची पेटी माझीच तर आहे. माहेरून आणली, हिच्यासाठी.’’

‘‘मग नंतर तुम्ही कधी वाजवलीत?’’

‘‘कुठलं काय ताई. नंतर हीच झाली.’’

म्हणजे बघा. आईचं गाणं मध्यमा प्रथमला थांबलं, मुलीचं मध्यमा पूर्णला. एका पिढीत आपण एकच पायरी वर चढलो. माझी गोष्ट तर त्याच्याही खालच्या पायरीवरची.

मी त्यांना उपदेश केला नाही. तो अधिकारही माझा नाही. दहावीची धाकधूक काय असते ते मलाही माहीत आहे. चांगलं कॉलेज, तालुक्याच्या गावाला जाणं-येणं, फी, सगळं त्यांच्याच डोक्यावर आहे. मी एवढंच म्हटलं, ‘‘वहिनी, संध्याकाळी मला चुकल्याचुकल्यासारखं होतं हो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.’’

त्या हसल्या आणि गेल्या.

परवा सात वाजता मागून सूर आला. मी गॅस बारीक केला. आधी लांब ‘सा’. मग भूप. वीस मिनिटांनी पोरगी थांबली, बहुतेक विज्ञानाच्या पुस्तकाकडे गेली असेल. पण पेटी काही लगेच बंद झाली नाही. कोणीतरी चाचपडत, एकेका बोटाने, अलंकार वाजवत होतं. सारेग, रेगम, गमप. मध्येच चुकत होतं, थांबत होतं, पुन्हा ‘सा’पासून सुरू करत होतं.

मी लेकीच्या नाही, आईच्या बोटांनी वाजणारे ते अलंकार ऐकत उभी राहिले. मैत्रिणींनो, तुमच्या घरातही माळ्यावर एखादी पेटी असेल. दहावीच्या मुलीची असेल, नाहीतर तुमची स्वतःची. ‘नंतर’ची वाट न बघता आज संध्याकाळी तिच्यावरची धूळ तरी पुसाल ना?